बुटीक हमबकर पिकअप

बुटीक हमबकर पिकअप म्हणजे छोट्या कार्यशाळांतून, अल्प संख्येने आणि बहुधा एखादा जुना नमुना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले विद्युत गिटारचे दोन कुंडलांचे पिकअप होय. गिटारच्या तारांचे कंपन विद्युत संकेतात रूपांतरित करणाऱ्या घटकाला पिकअप म्हणतात. 'हमबकर' हे नाव इंग्रजीतील 'हम' म्हणजे सततची घरघर आणि 'बक' म्हणजे विरोध करणे या दोन शब्दांपासून बनले आहे. घरघर थोपवणारा तो हमबकर. 'बुटीक' हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ छोटे दुकान असा आहे. मराठी वाचकांना तो कपड्यांच्या दुकानांमुळे परिचित आहे. वाद्यांच्या व्यवहारात तो कारखानदारी उत्पादनाहून निराळ्या, कारागिराच्या देखरेखीखाली बनलेल्या वस्तूसाठी वापरला जातो.

अशा पिकअपच्या एका जोडीची किंमत पुष्कळदा नवशिक्याच्या संपूर्ण गिटारपेक्षाही अधिक असते. ती नेमकी कशासाठी मोजली जाते हे समजण्यासाठी हमबकरची रचना आणि त्याचा काहीसा योगायोगाने घडलेला इतिहास, दोन्ही पाहावे लागतात.

कार्यतत्त्व

विद्युत गिटारच्या तारा पोलादाच्या किंवा निकेलचे वेष्टण असलेल्या पोलादाच्या असतात. पिकअपमधील चुंबकामुळे तारेचा त्यावरील भाग चुंबकित होतो. तार कंप पावली की कुंडलातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार कुंडलात विद्युतदाब निर्माण होतो. हाच क्षीण संकेत ॲम्प्लिफायरमध्ये वर्धित होऊन ऐकू येतो. (मराठीत वाद्याच्या तारेला आणि कुंडलाच्या तारेला एकच शब्द असल्याने या लेखात कुंडलाच्या तारेला सर्वत्र 'तांब्याची तार' म्हटले आहे.)

अडचण अशी की कुंडल हे भोवतालच्या प्रत्येक बदलत्या चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते. घरातील रोहित्रे, वीजवाहिन्या आणि पंखे यांच्या क्षेत्रांमुळे भारतात व युरोपात ५० हर्ट्झची, तर अमेरिकेत ६० हर्ट्झची घरघर तिच्या पटींसह संकेतात मिसळते. एकाच कुंडलाच्या पिकअपमध्ये ती थोपवण्याचा उपाय नसतो.

हमबकरमध्ये दोन कुंडले शेजारी शेजारी असतात. दोहोंतील चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध ठेवलेले असतात आणि त्यांतील विद्युतप्रवाहाची दिशाही उलट जोडलेली असते. बाहेरून येणाऱ्या घरघरीचा पिकअपच्या चुंबकाशी संबंध नसतो. ती दोन्ही कुंडलांत सारखीच उपजते आणि उलट जोडणीमुळे परस्परांत वजा होते. तारेचा संकेत मात्र आधी ध्रुवामुळे एकदा उलटतो आणि जोडणीमुळे पुन्हा उलटतो. दोनदा उलटलेला संकेत मूळ दिशेलाच येतो, म्हणून तारेचे दोन्ही संकेत एकमेकांत मिळवले जातात. वजाने वजाला गुणले की अधिक, हा शाळेतला नियम येथे जणू प्रत्यक्ष ऐकू येतो.

या रचनेचा एक परिणाम स्वरावरही होतो. दोन कुंडले तारेच्या दोन वेगळ्या जागांवरील कंपन टिपतात, त्यामुळे अतिसूक्ष्म लांबीची कंपने, म्हणजेच सर्वांत वरचे उपस्वर, काही प्रमाणात कमी होतात. हमबकरचा आवाज एका कुंडलाच्या पिकअपपेक्षा जाड, भरदार आणि कमी टोकदार वाटतो त्याचे हे एक कारण आहे.

सेथ लव्हर आणि 'पीएएफ'

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीचा कारखाना होता. तेथील तंत्रज्ञ सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कुंडलांच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. दोन कुंडलांनी घरघर कापण्याची कल्पना विद्युत उपकरणांत आधीपासून ज्ञात होती. लव्हर यांनी ती गिटारसाठी सुटसुटीत व कारखान्यात बनवता येण्याजोग्या रूपात आणली. १९५७ पासून गिब्सनच्या लेस पॉल आणि इतर गिटारांवर हे पिकअप बसू लागले. याच काळात रे बट्स यांनीही स्वतंत्रपणे असाच पिकअप तयार केला व तो ग्रेच कंपनीच्या गिटारांवर 'फिल्टरट्रॉन' या नावाने आला. दोघांनाही पेटंट १९५९ मध्ये मिळाले.

पेटंट मिळेपर्यंत, आणि त्यानंतरही काही काळ, गिब्सनच्या पिकअपच्या तळाशी 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे 'पेटंटसाठी अर्ज केला आहे', अशी बारीक चिठ्ठी चिकटवलेली असे. त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून या पिकअपना 'पीएएफ' म्हटले जाते. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापण्यात आला, पण तो लव्हर यांच्या पेटंटचा नसून लेस पॉल यांच्या तार अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा होता. ही चूक होती की प्रतिस्पर्ध्यांची दिशाभूल, यावर अजूनही वाद घातला जातो.

पीएएफमध्ये दोन बॉबिन, प्रत्येकावर ४२ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर व्यासाच्या, एनॅमल लेपित तांब्याच्या तारेचे साधारण ५,००० वेढे, खाली एक ॲल्निको चुंबक आणि वर धातूचे आवरण असे. एका कुंडलात लोखंडी खुंट्या व दुसऱ्यात वरखाली करता येणारे सहा स्क्रू असत. पेटंटच्या आकृतीत हे स्क्रू नाहीत. विक्री विभागाला ग्राहकापुढे सांगण्यासारखे काहीतरी हवे होते म्हणून ते घातले गेले, असे लव्हर नंतर सांगत. आवरणासाठी वापरलेला मिश्रधातू जर्मन सिल्व्हर हा होता. त्यात चांदी नसून तांबे, निकेल आणि जस्त असते. महाराष्ट्रात ॲल्युमिनियमच्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणतात, त्यांच्याशी याचा संबंध नाही.

या 'साधारण ५,०००' मधील 'साधारण' या शब्दातच पुढील सर्व कथा आहे. सुरुवातीच्या काळात वेढ्यांची संख्या काटेकोरपणे पाळली जात नव्हती. यंत्र कधी थोडे आधी थांबे, कधी थोडे उशिरा. एकाच पिकअपच्या दोन कुंडलांतही वेढे सारखे नसत. चुंबकही हाताशी असेल त्या प्रकारचा बसवला जाई. काळ्या प्लास्टिकच्या टंचाईमुळे काही बॉबिन फिकट पिवळसर आले. एक काळा व एक पिवळसर बॉबिन असलेल्या पिकअपना पुढे 'झेब्रा' असे नाव पडले. परिणामी कोणतेही दोन पीएएफ तंतोतंत सारखे नाहीत. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून गिब्सनने उत्पादन एकसारखे केले तेव्हा ही विषमता संपली.

१९५८ ते १९६० या काळातील सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारांची त्या वेळी फारशी विक्री झाली नाही. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स' या ध्वनिमुद्रिकेवर एरिक क्लॅप्टनने अशीच गिटार मार्शल ॲम्प्लिफायरला जोडून वाजवली. त्यानंतर जुन्या लेस पॉलची मागणी वाढली आणि त्यांच्या आत दडलेल्या पिकअपकडे लक्ष गेले.

बुटीक उत्पादकांचा उदय

गिटारचा मूळ पिकअप काढून दुसरा बसवण्याचा व्यवसाय १९७० च्या दशकात उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ यांचा 'सुपर डिस्टॉर्शन' हा पिकअप १९७२ मध्ये आला. तो जुन्याची प्रतिकृती नव्हता, अधिक जोरदार होता. सेमूर डंकन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे कंपनी स्थापन केली. पुढे त्यांनी खुद्द सेथ लव्हर यांच्या साहाय्याने त्यांच्याच नावाचा पिकअप बाजारात आणला. या दोन कंपन्या आज इतक्या मोठ्या आहेत की त्यांच्या नेहमीच्या उत्पादनांना कोणी बुटीक म्हणत नाही. पण त्या सुरू झाल्या एका-दोघा माणसांच्या कार्यशाळा म्हणूनच.

आज बुटीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उत्पादकांत अमेरिकेतील लिंडी फ्रॅलिन, जेसन लोलर आणि थ्रोबॅक, तसेच इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे टिम मिल्स यांनी सुरू केलेली बेअर नकल यांचा समावेश होतो. थ्रोबॅकने तर गिब्सनच्या कारखान्यात होती त्या जातीची जुनी गुंडाळणी यंत्रे वापरात आणली आहेत. यावरून एक लोकप्रिय समज तपासता येतो. 'हाताने गुंडाळलेले' ही अनेक बुटीक पिकअपची जाहिरात असते. तांब्याची तार हाताने थोडी विस्कळीत सोडली तर वेढ्यांमधील विद्युत धारिता घटते आणि वरचे स्वर किंचित मोकळे होतात, हे खरे आहे. मात्र मूळ पीएएफ हाताने गुंडाळलेले नव्हते. ते यंत्रावरच बनत. हाताने गुंडाळलेला पिकअप उत्तम असू शकतो, पण तेवढ्याने तो पीएएफची अस्सल प्रतिकृती ठरत नाही.

म्हणजे १९५७ मध्ये जो फरक निष्काळजीपणातून पडत होता तोच बुटीक उत्पादक आता मोजून मापून पाडतात. एका कुंडलात दुसऱ्यापेक्षा शंभर-दोनशे वेढे जास्त घालणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्यामुळे घरघर पूर्णपणे वजा होत नाही, पण स्वर जरा उघडा होतो. पीटर ग्रीन या ब्रिटिश वादकाच्या लेस पॉलचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्या गिटारच्या मानेकडील पिकअपमधील चुंबक उलटा बसला होता. दोन्ही पिकअप एकत्र लावले की त्यांचे संकेत एकमेकांविरुद्ध जाऊन पातळ, नाकात बोलल्यासारखा स्वर निघे. हा दोष ग्रीनची ओळख बनला. ती गिटार पुढे गॅरी मूर याच्याकडे गेली, आणि आज मुद्दाम उलट्या चुंबकाच्या जोड्या विकत मिळतात.

निवड

ओहमचा आकडा. विक्रीच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक आकडा विद्युतरोधाचा असतो: ७.५ किलोओहम, ८.२ किलोओहम, १६ किलोओहम. जितका आकडा मोठा तितका पिकअप 'जोरदार' असे मानले जाते. हा निकष दिशाभूल करणारा आहे. तांब्याची तार ४२ ऐवजी ४३ गेजची, म्हणजे थोडी बारीक घेतली, तर वेढे तेवढेच राहूनही रोध सुमारे चतुर्थांशाने वाढतो. संकेत मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. तापमानाचाही परिणाम होतो. २० अंश सेल्सिअसला ८ किलोओहम दाखवणारे कुंडल ४० अंशांना सुमारे ८.६ दाखवेल. कडक थंडीत आणि नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी तोच पिकअप मोजला तर तो दोन निराळी उत्पादने वाटावा. एकाच जातीची तार व चुंबक असलेल्या दोन पिकअपची तुलना करण्यापुरताच हा आकडा उपयोगी आहे.

स्वराविषयी अधिक सांगणारे मूल्य म्हणजे प्रवर्तकता. ती हेन्री या एककात मोजतात. कुंडलाची प्रवर्तकता आणि केबलची धारिता मिळून एका ठरावीक वारंवारतेला संकेत उठावदार होतो, त्याच्या वर तो झपाट्याने ओसरतो. पीएएफ जातीच्या पिकअपची प्रवर्तकता ४ हेन्रीच्या आसपास धरली आणि नेहमीच्या पाच मीटर केबलसह एकूण धारिता ६०० पिकोफॅरड मानली, तर हा उठाव सुमारे ३,२०० हर्ट्झवर येतो. प्रवर्तकता ८ हेन्री असेल तर तो सुमारे २,३०० हर्ट्झवर उतरतो. पहिला पिकअप स्पष्ट व झळाळीचा, दुसरा मध्यस्वरांनी भरलेला वाटतो. केबल लांब घेतली तरी उठाव खाली येतो, ही गोष्ट महागडा पिकअप घेऊन दहा मीटरची स्वस्त केबल जोडणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

चुंबक. ॲल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू; त्याच्या क्रमांक ३ च्या प्रकारात कोबाल्ट नसते. क्रमांक ५ प्रबळ असून स्वराला धार व घट्ट मंद्र देतो, क्रमांक २ चा आघात मऊ व गोलसर असतो. फेराइटचे, म्हणजे सिरॅमिक चुंबक जोरदार संगीतासाठीच्या पिकअपमध्ये आढळतात; ते स्वस्त असतात म्हणून हीन मानले जातात, पण ते योग्य नाही. चुंबकाचा परिणाम वेढ्यांपासून वेगळा काढून सांगता येत नाही. हमबकरमधील चुंबक बदलणे फारसे अवघड किंवा खर्चिक नसते, त्यामुळे पिकअप जवळपास मनासारखा असेल तर आधी तोच बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

मेण आणि आवरण. मूळ पीएएफ मेणात बुडवलेले नसत. असा पिकअप गिटारच्या लाकडाची व आवरणाची सूक्ष्म थरथरही थोडीफार उचलतो आणि काही वादकांना त्यात जिवंतपणा जाणवतो. आवाज फार वाढवला की मात्र तो शिट्टीसारखा किंचाळू लागतो. एडी व्हॅन हेलन याने जुन्या गिब्सनमधील पिकअप स्वतःच पॅराफिन मेणात बुडवला तो याच कारणासाठी. मंद आवाजात ब्लूज किंवा जॅझ वाजवणाऱ्याने मेणविरहित आणि मोठ्या आवाजात रॉक वाजवणाऱ्याने मेण भरलेला पिकअप घ्यावा, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा लागू पडतो. जर्मन सिल्व्हरच्या पातळ आवरणाने स्वरात फारसा फरक पडत नाही. पितळी आवरणाने वरचे स्वर दबतात.

गिटारशी जुळणी. ब्रिजजवळ तारेचे आंदोलन लहान असते, मानेजवळ मोठे. म्हणून ब्रिजकडील पिकअपला वेढे अधिक असतात आणि एकाच जातीचे दोन पिकअप दोन्हीकडे बसवले तर मानेकडील आवाज वरचढ होतो. खुंट्यांमधील अंतरही पाहावे लागते: गिब्सन पद्धतीत पहिल्या व सहाव्या खुंटीत सुमारे ५० मिलिमीटर, तर फेंडर पद्धतीच्या ब्रिजसाठी सुमारे ५३ मिलिमीटर अंतर ठेवतात. हमबकरबरोबर ५०० किलोओहमचे व्हॉल्यूम व टोन नियंत्रक योग्य ठरतात. एका कुंडलाच्या पिकअपसाठीचे २५० किलोओहमचे नियंत्रक तसेच राहिले, तर नवा पिकअप दबलेला वाटतो आणि दोष निष्कारण त्याच्या माथी येतो. एक कुंडल बंद करण्याची सोय हवी असल्यास चार तारांची जोडणी मागून घ्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या बहुतेक प्रतिकृतींत एकच वेष्टित तार असते.

या साऱ्याच्या आधी करण्याजोगी गोष्ट म्हणजे असलेल्या पिकअपची उंची बदलून पाहणे. बाजूचे दोन स्क्रू फिरवून पिकअप एक-दोन मिलिमीटर खाली नेला तरी आवाज कमी होऊन स्वर स्वच्छ होतो. त्याला खर्च काहीच येत नाही, आणि नव्या पिकअपकडून जे हवे होते ते पुष्कळांना येथेच मिळून जाते.

जुने, बनावट आणि नावे

अस्सल पीएएफची किंमत आज संग्राहकांच्या बाजारात ठरते, वादकांच्या नव्हे. त्यामुळे बनावट पीएएफही विपुल आहेत. चिठ्ठी छापणे सर्वांत सोपे असल्याने तिला पुरावा मानता येत नाही. जाणकार बॉबिनवरील साच्याच्या खुणा, तांब्याच्या तारेचा रंग, तळाच्या पट्टीची ठेवण आणि सोल्डरिंग पूर्वी उघडले आहे का हे पाहतात. 'पीएएफ' हे नाव अमेरिकेत डिमार्झिओ कंपनीची नोंदणीकृत व्यापारमुद्रा आहे, आणि दोन्ही बॉबिन पिवळसर असलेल्या पिकअपचे रूपही तिच्याच नावे नोंदलेले आहे. म्हणून इतर उत्पादक आपल्या प्रतिकृतींना वर्षांची, माणसांची वा गावांची नावे देतात. माहितीपत्रकात 'पीएएफ' हा शब्द न दिसणे हे कमीपणाचे लक्षण नव्हे.

भारतातील वापर

भारतात यांतील बहुतेक पिकअप आयात करावे लागतात. किमतीवर वाहतूक व आयात शुल्क चढते आणि न आवडल्यास परत पाठवणे व्यवहार्य राहत नाही. उत्पादक आपल्या ध्वनिफिती देतात, पण त्या त्यांच्याच गिटार व ॲम्प्लिफायरवर मुद्रित झालेल्या असतात. उत्पादकाला गिटारचे लाकूड, ॲम्प्लिफायर, तारांची जाडी आणि अपेक्षित संगीत कळवले तर छोट्या कार्यशाळा बहुधा सविस्तर उत्तर देतात. मोठ्या कंपनीच्या तुलनेत बुटीक उत्पादकाकडून मिळणारा खरा अधिकचा लाभ हाच आहे, कारण वेढे व चुंबक त्यानुसार बदलून देणे त्याला शक्य असते.

हमबकरकडून चुकीची अपेक्षाही ठेवली जाते. तो चुंबकीय क्षेत्रातून येणारी घरघर कापतो. सदोष भूसंपर्कनामुळे (अर्थिंग) येणारी खरखर कापत नाही. जुन्या इमारतींतील दोन छिद्रांच्या सॉकेटला ॲम्प्लिफायर जोडला असेल, आणि तारांना हात लावताच आवाज थांबत असेल, तर दोष पिकअपचा नसून जोडणीचा किंवा वेष्टनाचा असतो. अशा ठिकाणी आधी वीजतंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घेणे आवश्यक आहे. सदोष अर्थिंग असलेल्या ॲम्प्लिफायरमुळे गिटारच्या तारांतून विजेचा धक्का बसू शकतो.